परळचा टीव्ही आणि सड्यावरचे काजू

मुलांनो, मुंबईतल्या जागांची नावं कधी नीट कान देऊन ऐकली आहेत का? वडाळ्यात वड आहे, चिंचपोकळीत चिंच आहे, फणसवाडीत फणस आणि उंबरखाडीत उंबर. आमच्या परळचं नाव पाडळ नावाच्या झाडावरून पडलं असं काही जाणकार सांगतात. दुसरे म्हणतात, छे, ते परळी वैजनाथावरून. मी लहानपणापासून झाडाच्याच बाजूचा. परळमध्ये उभ्या जन्मात मला एकही पाडळ दिसली नाही, ही गोष्ट वेगळी!

आमच्या लहानपणी परळमध्ये दिसायची ती गिरण्यांची धुराडी. लालबाग, परळ, भायखळा, डिलाईल रोड, वरळी, सगळं मिळून गिरणगाव. आज तिथे काचेचे उंच उंच टॉवर झालेत. एखादं जुनं धुराडं मध्येच उभं दिसतं, लग्नाच्या पंगतीत चुकून आलेल्या पाहुण्यासारखं. आम्ही राहत होतो त्या चाळीला चार मजले, प्रत्येक मजल्यावर लांबलचक गॅलरी आणि गॅलरीच्या टोकाला सगळ्यांचा मिळून एक नळ. हा नळ लक्षात ठेवा. या गोष्टीत त्याने मोठा घोटाळा केला आहे.

माझे आजोबा गिरणीत साचेवाले. साचा म्हणजे कापड विणायचा माग. हजारो धाग्यांतला एक तुटला तरी साचेवाल्याला तो चटकन दिसला पाहिजे आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत त्याची गाठ मारता आली पाहिजे. आजोबांची बोटं त्यात तरबेज. आमच्या पतंगाचा मांजा तुटला की आम्ही त्यांच्याकडेच धावायचो. ते चष्मासुद्धा न लावता गाठ मारायचे आणि ती शोधून दाखव म्हणायचे.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. महिना गेला, वर्ष गेलं, आणि कितीतरी लोकांना गिरणीचं दार पुन्हा कधी उघडलंच नाही. आजोबा त्यांतलेच एक. दोन-तीन वर्षं त्यांनी परळमध्ये वाट पाहिली, मिळेल ते काम केलं, आणि एक दिवस ट्रंक भरून गावाला निघून गेले. आमचं गाव वेंगुर्ले तालुक्यात. भाताची दोन-चार खाचरं आणि घरामागे चढावर वीस गुंठे वरकस जमीन, एवढीच आमची इस्टेट. वरकस म्हणजे जिथे भात होत नाही अशी उताराची, दगडगोट्यांची जमीन. तिच्यावर दोन-तीन वर्षांत एकदा नाचणी, वरी घ्यायची आणि मग ती तशीच पडीक ठेवायची. पावसाळ्यात तिची माती लाल पाण्याबरोबर वहाळात जायची.

आता टीव्हीची गोष्ट. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं. वरळीचा त्याचा उंच मनोरा आमच्या गच्चीवरून दिसायचा, त्यामुळे टीव्ही आपल्या शेजारच्याच घरातून येतो असं आम्हांला वाटे. संध्याकाळी 'आमची माती आमची माणसं' हा शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम लागे. शेत नावाची वस्तू परळमध्ये औषधालाही नव्हती. तरी आमच्या मजल्यावर तो कार्यक्रम सिनेमापेक्षा जास्त मन लावून बघितला जाई. कारण बघणारे सगळे चाकरमानी. कोणाचं गाव मालवणात, कोणाचं संगमेश्वरात, कोणाचं साताऱ्याकडे. भुईमुगावर पडलेल्या रोगाची चर्चा सुरू झाली की लुंगी नेसलेले, हातात चहाचा कप धरलेले काका माना हलवून एकमेकांकडे बघत, जणू उद्याच औषध मारायला जायचं आहे!

शेतकऱ्याला टीव्हीवरून शिकवायचं, ही कल्पना आपल्या देशाने फार मोठ्या प्रमाणावर करून पाहिली होती. १९७५-७६ साली एका अमेरिकन उपग्रहाच्या मदतीने सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत टीव्हीचे कार्यक्रम पोहोचवले गेले. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. आमच्या गावात तर १९९० सालीही टीव्हीला मुंगळ्यांखेरीज काही दिसत नसे. म्हणजे मजा बघा, शेताचा कार्यक्रम जिथे शेत नाही त्या परळला दिसे, आणि जिथे शेत होतं तिथे दिसत नसे. मधला पूल कोणता? निळं इनलँड पत्र!

१९९० साली महाराष्ट्र सरकारने रोजगार हमी योजनेतून फळबाग लागवडीला मदत द्यायला सुरुवात केली. खड्डे खणायची मजुरी, कलमं, खत, सगळ्याला अनुदान. आजोबांनी नाव दिलं. वीस गुंठ्यांत सात-सात मीटरवर खड्डे घेतले तर किती कलमं बसतील? गणित तुम्हीच करून बघा. एक गुंठा म्हणजे साधारण शंभर चौरस मीटर. आजोबांनी ते काठीने मोजून केलं होतं आणि उत्तर काढलं होतं, चाळीस.

आजोबांचं पत्र आलं, "काजूच्या कलमांचे टीव्हीवर काही लागले तर लिहून पाठविणे." मी तेव्हा पाचवीत. हे काम माझ्याकडे आलं, कारण अक्षर बरं. आणि खरंच, एका संध्याकाळी काजूची कलमं लागली. मी वही घेऊन टीव्हीला नाक लावून बसलो. खड्डा दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल. लिहिलं. कलमाचा जोड जमिनीच्या वर राहिला पाहिजे. लिहिलं. शेजारी काठी रोवून कलम बांधा. लिहिलं. जोडाच्या खालून फुटवे आले तर खुडून टाका, ते रानटी रोपाचे असतात. तेही लिहिलं. तेवढ्यात गॅलरीतून आरोळी आली, "पाणी आलं!"

परळच्या चाळीत पाणी आलं म्हणजे काय हे ज्याला ठाऊक आहे तो मला दोष देणार नाही. मी वही टाकली आणि बादली घेऊन धावलो. परत आलो तेव्हा पडद्यावर बातम्या होत्या. तेव्हाचा टीव्ही मागे फिरवता येत नसे. वहीत अकरा मुद्दे झाले होते. ते मी पत्रात सुवाच्य अक्षरात उतरवले आणि खाली 'आपला आज्ञाधारक नातू' असं लिहून पत्र पेटीत टाकलं.

जून १९९१मध्ये चाळीस कलमं लागली. ती वाटली गेली त्या दिवशी आजोबा तापाने फणफणले होते. त्यामुळे तिथे जे सांगितलं गेलं ते त्यांनी ऐकलंच नाही. त्यांच्याजवळ होतं फक्त माझं पत्र.

पुढच्या मे महिन्यात आम्ही गावी निघालो. तेव्हा कोकण रेल्वे नव्हती, ती पूर्ण झाली १९९८मध्ये. कोकणात जायचं म्हणजे परळच्या डेपोतून लाल एसटी. त्या डेपोत मे महिन्यात जी गर्दी असे ती बघून जत्रेनेही लाजावं. टपावर ट्रंका, पिंपं, एखादी सायकल, कोणाच्या मांडीवर कोंबडी नाहीतर शेजारच्यांचं मूल. पनवेल, वडखळ, महाड. कशेडीच्या घाटात निम्मी गाडी ओकायची. मी खिडकी धरून बसे. चिपळूणला चहा, हातखंब्याला झोप, राजापूरला थंड वारा, आणि कणकवलीला उजाडायचं. कुडाळ आलं की आई केस विंचरायला घेई, कारण आता पाच मिनिटांत ओळखीची माणसं भेटणार.

घरी पोहोचलो आणि तसाच मागच्या चढावर पळालो. मला वाटलं होतं चाळीस हिरवीगार झाडं असतील. मोजली तर एकोणतीस. बाकीच्या जागी नुसत्या काठ्या आणि वाळलेले खुंट. आजोबा एका कलमापाशी उकिडवे बसले होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "इलंस? ह्या बग. ह्येचो गळो कोणी आवळल्यान?"

मी वाकून बघितलं. कलम जिथे जोडलेलं असतं तिथे प्लास्टिकची पातळ पट्टी गुंडाळलेली होती. खोड जाड झालं होतं, पट्टी मात्र तेवढीच होती. ती खोडात रुतून बसली होती. वर फुगीर, खाली फुगीर आणि मध्ये खोबण. वारा जोराने आला की झाड बरोबर तिथेच मोडत होतं. मला तो बादलीचा आवाज आठवला. बाराव्या मुद्द्याचा कागद कोरा राहिला होता तो याचसाठी.

आजोबांना मी सगळं सांगून टाकलं. मला वाटलं मार बसणार. ते एवढंच म्हणाले, "चुकलंस तर चुकलंस. धागो तुटलो तर गाठ मारूची, साचो बंद नाय ठेवूचो. जा, दाढीचा ब्लेड आण." त्या सकाळी आम्ही एकोणतीस पट्ट्या कापल्या. कापताना साल कापायची नाही, एवढीच अट. माझा हात थरथरे, म्हणून शेवटच्या सातच मला मिळाल्या.

दुसऱ्या दिवशी आजोबा म्हणाले, "आता मी स्वताच्या डोळ्यांनी बगून येतंय." आणि मला घेऊन ते वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्रात गेले. हे केंद्र १९५७ सालचं. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ १९७२मध्ये निघालं, आणि हे केंद्र पुढे त्याच्याकडे आलं. काजूच्या कितीतरी जाती या केंद्राने काढल्या. वेंगुर्ला-४ ही १९८१ची, आमच्या चढावर होती तीच. वेंगुर्ला-७ ही १९९७ची, तिच्या साधारण शंभरच बिया एका किलोत बसतात. रानटी काजूच्या बिया किलोत त्याहून कितीतरी जास्त भरतात, कारण त्या लहान असतात.

तुम्ही विचाराल, चांगल्या झाडाची बीच पेरली तर? तिथेच तर गंमत आहे. एका आईची सगळी मुलं सारखी असतात का? तशी एका झाडाच्या बियांची रोपंही सारखी नसतात. चांगल्या झाडासारखंच झाड हवं असेल तर त्याची फांदीच घ्यावी लागते. कोकमाच्या बाबतीत तर बी पेरणं म्हणजे सोडतीचं तिकीट काढणं. कोकमात नर आणि मादी झाडं वेगळी. बियांतून आलेली जवळजवळ निम्मी झाडं नर निघतात. त्यांना फळं धरत नाहीत, आणि हे कळतं सात-आठ वर्षांनी फुलं आल्यावर! आमच्या शेजाऱ्यांनी असं एक कोकम आठ वर्षं पाणी घालून वाढवलं होतं. मादी झाडाची काडी घेऊन कलम केलं की हा प्रश्नच मिटतो.

केंद्रातल्या एका माळीकाकांनी आम्हांला कलम करून दाखवलं. पिशवीत वाढवलेलं दीड-दोन महिन्यांचं कोवळं रोप घेतलं. वीतभर उंचीवर त्याचा शेंडा उडवला. उरलेल्या बुंध्याला वरून मधोमध चीर दिली. मग चांगल्या झाडाची पेन्सिलीएवढी काडी घेऊन तिचं खालचं टोक दोन्ही बाजूंनी तासून पाचरीसारखं केलं आणि ते चिरेत बसवलं. साल सालीला भिडली पाहिजे, हे मुख्य. वरून प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळली आणि काडीवर छोटी प्लास्टिकची टोपी घातली, म्हणजे ती सुकत नाही. कोवळ्या खोडावर करतात म्हणून याला मृदुकाष्ठ कलम म्हणतात. माळीकाकांनी पट्टीवर बोट ठेवून सांगितलं, "ही जोड पक्का होईपर्यंतच. शेतात लावताना काढायची." आजोबांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे.

मग त्यांनी चाकू आजोबांच्या हातात दिला. आजोबांची पहिली दोन कलमं फसली. तिसऱ्यापासून मात्र माळीकाका बघतच राहिले. एवढी सफाई कुठे शिकलात, असं त्यांनी विचारलं. आजोबा म्हणाले, "परळाक."

त्यानंतर आमच्या चढाचं रूप पालटत गेलं. काजू लहान होते तोवर मधल्या मोकळ्या जागेत आजोबांनी नाचणी आणि कुळीथ घेतला. प्रत्येक झाडाच्या खालच्या अंगाला अर्धचंद्रासारखा दगडांचा बांध घातला, म्हणजे वाहून जाणारी माती तिथेच अडते. कडेने गिरिपुष्पाच्या फांद्या रोवल्या. त्यांचं कुंपण होतं आणि पाला खत म्हणून घालता येतो. काजूची सावली पडायला लागल्यावर नाचणी बंद झाली आणि तिच्या जागी सुरण, हळद, अननस आले. झाड आणि पीक एकाच जमिनीत, एकमेकांना सांभाळून, याला वनशेती म्हणतात. २०१४मध्ये भारताने वनशेतीसाठी वेगळं राष्ट्रीय धोरण ठरवलं. असं धोरण करणारा तो जगातला पहिला देश. रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या नारळ संशोधन केंद्राने तर नारळाच्या बागेत जायफळ, दालचिनी आणि काळी मिरी अशी दाटी करून दाखवली. तिचं नाव लाखी बाग. नाव ऐकूनच लोक बघायला जातात.

काजू हे मुळात आपलं झाडच नव्हे बरं का. ब्राझीलहून पोर्तुगिजांनी ते सोळाव्या शतकात आणलं. आता त्याच्यावाचून कोकणातल्या मे महिन्याची कल्पना करून बघा! बोंडू खाऊन घसा खवखवला नाही आणि बियांच्या तेलाने ओठ भाजले नाहीत, तर सुट्टी फुकट गेली म्हणायची.

आज आमची चाळ नाही. तिच्या जागेवर उभ्या राहिलेल्या इमारतीत आम्ही सोळाव्या मजल्यावर राहतो आणि नळाला दिवसभर पाणी असतं. आजोबा २००६मध्ये गेले. चढावरचं आता माझा चुलतभाऊ बघतो. त्याच्या खिशात टीव्ही, पोस्ट आणि वेधशाळा असं तिन्ही मिळून एक यंत्र असतं. मोबाईलवर तो 'मेघदूत' उघडतो. २०१९मध्ये निघालेलं हे अ‍ॅप त्याला पुढच्या काही दिवसांचं हवामान आणि पिकाचा सल्ला देतं. काजूला मोहोर येताना आभाळ भरून आलं की ढेकण्या नावाचा किडा कोवळ्या फुटीतला रस शोषतो आणि मोहोर करपतो. तेव्हा दोन दिवस आधी कळणं म्हणजे फार झालं. राज्यात 'महावेध'ची दोन हजारांहून जास्त स्वयंचलित हवामान केंद्रं २०१७पासून उभी राहिली. पाऊस, वारा, ऊन ती स्वतःच मोजतात. फळपिकाच्या विम्याचे पैसे मिळणार की नाही तेही या मोजणीवर ठरतं, त्यामुळे गावात त्यांच्यावरून वादही पुष्कळ होतात. आपल्या बागेत पडलेला पाऊस दूरच्या केंद्रातल्या यंत्राला कसा दिसणार, हा चुलतभावाचा प्रश्न मला रास्त वाटतो.

मध्ये एकदा कोणीतरी सड्यावर ड्रोन उडवून दाखवला. सगळी वाडी माना वर करून बघत होती. झाडं मोजायला बरा आहे. पण पट्टी रुतली आहे का हे काही त्याला वरून दिसायचं नाही. त्यासाठी उकिडवंच बसावं लागतं.

चुलतभाऊ हल्ली कलमांचे छोटे व्हिडिओ करतो आणि परळला पाठवतो. गावात रेंज नसते, म्हणून त्यासाठी त्याला सड्यावर चढावं लागतं. ते जोडायचं काम माझ्या चौदा वर्षांच्या मुलीकडे. ती खाली मालवणीत अक्षरं घालते, नको तिथलं कापते आणि वाडीच्या ग्रुपवर टाकते. बघणारा हवं तिथे थांबवतो, मागे नेतो, पुन्हा बघतो. मला त्या 'मागे नेतो'चा फार हेवा वाटतो. गेल्या मे महिन्यात एका नवख्या पोराने व्हिडिओ बघून कलम केलं. नऊ फसली, एक जगलं. चुलतभाऊ त्याच्या घरी गेला, त्याचा हात हातात धरून चाकूचा कोन दाखवून आला. पुढच्या दहांतली सात जगली.

परवा मुलगी विचारत होती, प्रत्येक व्हिडिओच्या सुरुवातीला काका पट्टीच का दाखवतात? मी कपाटातून आजोबांची ट्रंक काढली. तिच्या तळाशी ते निळं पत्र होतं, घड्यांवर फाटलेलं, कडेला हळदीचे डाग पडलेलं. आजोबांनी ते जपून ठेवलं होतं, एवढंच नाही, तर वाडीत कोणाला कलमं मिळाली की ते त्याला वाचायला देत. माझे अकरा मुद्दे निळ्या शाईत होते. खाली पेन्सिलीने, मोठ्या वाकड्या अक्षरांत लिहिलेलं होतं, "१२. लावताना पट्टी काढणे."

"हे अक्षर कोणाचं?" तिने विचारलं. मी सांगायला सुरुवात केली, तर तिने फोन समोरच्या डब्याला टेकवून उभा केला आणि म्हणाली, "थांब बाबा, पहिल्यापासून सांग. पाणी आलं तिथपासून."